दुकानात हातात घेतलेली इलेक्ट्रिक गिटार परत का ठेवली जाते?

गेल्या ऑक्टोबरात माझ्या भाच्याला पहिली इलेक्ट्रिक गिटार घ्यायची होती. डोंबिवलीहून तो दादरला आला, मी त्याला स्टेशनवर भेटलो आणि संध्याकाळपर्यंत आम्ही चार दुकानं पालथी घातली. अकरा गिटारी त्याने मांडीवर घेऊन पाहिल्या आणि अकराच्या अकरा परत भिंतीला अडकवल्या. शेवटच्या दुकानातल्या माणसाने आपुलकीने विचारलं, "काय आवडलं नाही?" भाच्याला सांगता येईना. बाहेर पडल्यावर म्हणाला, "मामा, प्रत्येकीत काहीतरी खटकतंय. पण काय ते कळत नाही."

मला त्याचं कौतुक वाटलं. बरेच जण हे खटकणं दाबून टाकतात, रंग आवडला म्हणून गिटार घरी आणतात आणि सहा महिन्यांत ती कपाटावर जाते. मग घरचे म्हणतात, पोराचं मन लागत नाही. मन लागत असतं, हात लागत नसतो. त्या खटकण्यामागे बहुतेक वेळा एखादं ठोस कारण असतं, आणि ते मिलिमीटरमध्ये, किलोमध्ये मोजून दाखवता येतं.

ज्याने मुंबईत भाड्याने का होईना जागा शोधली आहे, त्याला मी हे असं समजावतो. जागा बघायला गेलं की आधी डोळ्यात भरतात त्या उडालेला रंग, गळका नळ, जुनाट लाद्या. हे सगळं पंधरा दिवसांत बदलता येतं. पण खिडकी शेजारच्या इमारतीच्या भिंतीला खेटून असेल किंवा खोलीच्या मध्येच कॉलम आला असेल, तर त्यावर इलाज नाही. गिटारचंही असंच आहे. ज्या गोष्टींमुळे लोक गिटार परत ठेवतात, त्यातल्या काही लाद्या असतात आणि काही कॉलम. लाद्या बघून चांगली गिटार सोडू नये, आणि कॉलम दिसत असताना केवळ चकचकीत रंगावर भाळून पैसे मोजू नयेत. कुठली गोष्ट कशात मोडते, एवढं समजलं की दुकानातला गोंधळ अर्ध्यावर येतो.

सुरुवात डाव्या हातापासून करू. नेक म्हणजे तो लांब दांडा, जो मुठीत धरून आपण तारा दाबतो. त्याची जाडी कंपनीगणिक बदलते. नेकवर आडव्या ठोकलेल्या धातूच्या पट्ट्यांना फ्रेट म्हणतात. आयबानेझच्या काही मॉडेलांत पहिल्या फ्रेटपाशी नेक जेमतेम १७ ते १९ मिलिमीटर जाड असतो. गिब्सन कंपनीच्या लेस पॉल या मॉडेलच्या, १९५० च्या दशकातल्या धर्तीवर घडवलेला नेक त्याहून पाच-सहा मिलिमीटर जाड भरतो. पट्टीवर पाच मिलिमीटर म्हणजे काहीच नाही, पण मुठीत तो फरक क्रिकेटच्या बॅटची मूठ आणि कुऱ्हाडीचा दांडा यांच्यातल्या फरकाइतका जाणवतो. लहान हाताच्या माणसाला जाड नेक नको वाटतो हे सगळ्यांना पटतं. उलटंही खरं आहे, त्याबद्दल कमी बोललं जातं. मोठ्या पंजाच्या माणसाला फार पातळ नेकवर अंगठ्याला आधार मिळत नाही आणि अर्ध्या तासात तळहात आखडतो.

जाडीच्या बरोबरीने रुंदी. तारा जिथून हेडस्टॉककडे, म्हणजे नेकच्या टोकावरच्या खुंट्यांच्या भागाकडे, जातात तिथे खाचांची एक छोटी पट्टी असते, तिला नट म्हणतात. आजकालच्या बहुतेक गिटारींत नटची रुंदी ४२ ते ४३ मिलिमीटर असते. १९६० च्या दशकाच्या उत्तरार्धात गिब्सनने ती ४० च्याही खाली आणली होती, आणि त्या काळातली जुनी गिटार विकायला निघाली की जाणकार आजही पहिला प्रश्न नटचाच विचारतात. दोन-तीन मिलिमीटर सहा तारांत वाटले गेले की कॉर्ड, म्हणजे एकत्र वाजणारे अनेक स्वर, धरताना एक बोट शेजारच्या तारेला चिकटतं आणि ती तार मुकी होते. शिकणाऱ्याला वाटतं, आपलंच चुकतंय.

नटपासून ब्रिजपर्यंत, म्हणजे धडावरच्या घोडीपर्यंत, तार जेवढी मोकळी कंप पावते, त्या लांबीला स्केल म्हणतात. फेंडरच्या स्ट्रॅटोकास्टर आणि टेलिकास्टरची स्केल ६४८ मिलिमीटर, गिब्सनच्या लेस पॉलची साधारण ६२८. फरक दोन सेंटिमीटरचा. पण तीच तार त्याच स्वराला लावायची तर ताण लांबीच्या वर्गाच्या पटीत वाढतो, म्हणजे इथे साधारण ६ टक्क्यांनी. पहिल्या फ्रेटची जागाही मिलिमीटरभर मोठी होते. सतारीवर मींड घेताना तार आडवी ओढतात, तशीच इलेक्ट्रिक गिटारवरही ओढतात. त्याला बेंड म्हणायचं एवढंच. लांब स्केलवर ही मींड घ्यायला बोटांत थोडा जास्त जोर लागतो. कुणाला तो ताण आवडतो, तार "उभी राहते" असं वाटतं. कुणाची बोटं सोलवटतात.

फ्रेटबोर्डची गोलाई मात्र अशी गोष्ट आहे की जी कुणी सांगितल्याशिवाय लक्षात येत नाही, म्हणून तिच्यावर जरा थांबतो. फ्रेटबोर्ड, म्हणजे नेकवरची ती फ्रेट ठोकलेली फळी, सपाट नसते. ती आडवी किंचित फुगीर असते. हा फुगीरपणा कुठल्या वर्तुळाचा तुकडा आहे, त्या त्रिज्येवरून तो मोजतात. जुन्या धाटणीच्या फेंडरवर त्रिज्या सव्वासात इंच असते, म्हणजे फळी चांगलीच गोल. आधुनिक फेंडरवर साडेनऊ, गिब्सनवर बारा, आणि झपाट्याने वाजवणाऱ्यांसाठी बनवलेल्या गिटारींवर पंधरा-सोळा इंच, म्हणजे जवळजवळ सपाट. गोल फळी कॉर्ड धरायला सुखाची, कारण मुठीचा आकारही गोलच असतो. पण बारीक तार वर ओढत नेली की ती काठावरून फळीच्या फुगवट्याकडे चढते, आणि पुढचा एखादा फ्रेट तिच्या वाटेत येतो. तार त्याला टेकते आणि लांबवलेला स्वर मध्येच मरतो. भाच्याने दुसऱ्या दुकानात जी निळी गिटार परत ठेवली, तिचं हेच होतं. तो पंधराव्या फ्रेटवर तार ओढायचा आणि आवाज विझायचा. ॲम्प, म्हणजे आवाज मोठा करणारा ॲम्प्लिफायर, बिघडलाय असं त्याला वाटलं. तारा उंच केल्या तर हे टळतं, पण मग सगळंच वाजवणं जड होतं.

जाडी, रुंदी, स्केल, गोलाई या चारही गोष्टी लाकडात कोरलेल्या आहेत. हे कॉलम. इथे खटकलं तर गिटार निमूटपणे परत ठेवावी, मग ती कितीही नावाजलेली असो. तपासायला फार काही लागत नाही. दहा मिनिटं बसून आणि पाच मिनिटं उभं राहून वाजवा, पहिल्या फ्रेटवर एफचा बार कॉर्ड धरा (त्यात एकाच बोटाने सगळ्या तारा आडव्या दाबतात), मग बाराच्या पुढे जाऊन बारीक तार ओढा. दुकानदार खोळंबेल. खोळंबू द्यावा, आयुष्यभर वाजवायचं आपल्याला आहे.

ज्या गोष्टीमुळे सगळ्यात जास्त गिटारी विनाकारण नाकारल्या जातात, ती म्हणजे ॲक्शन, तारांची फ्रेटपासूनची उंची. बाराव्या फ्रेटवर दीड ते दोन मिलिमीटर असेल तर हाताला सोपी जाते. दुकानात कित्येकदा ती तीन मिलिमीटरपर्यंत असते, कारण कारखान्यातून निघून बोटीने आलेली गिटार कुणी जुळवलेलीच नसते. नवशिका म्हणतो, ही गिटार कठीण आहे. किंवा तारा फार खाली असतात, फ्रेटवर खरखरतात, आणि तो म्हणतो, ही खराब आहे. दोन्ही वेळा दोष गिटारचा नसून सेटअपचा, म्हणजे जुळवणीचा, असतो.

मिरजेला सतार-तंबोरे करणारे कारागीर घोडीच्या माथ्यावर कानस फिरवून जवारी काढतात. तार तिथे किती घासायची, किती मोकळी सोडायची, यावर वाद्याचा सगळा रंग ठरतो, आणि ते काम ऐकणाऱ्या कानाचंच आहे. त्यांच्या वाद्यांना २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळालं, ते रास्तच झालं. गिटारला जवारी नको असते, तार स्वच्छ सुटायला हवी असते, पण जुळवणीची कला तीच. नेकच्या आत ट्रस रॉड नावाची पोलादी कांब असते. सहा तारा मिळून नेकला साधारण ४५ किलोंनी पुढे ओढतात आणि ही कांब त्याला मागे धरते. तिचा एक पाव आटा फिरवला, ब्रिजवरचे स्क्रू खालीवर केले, नटच्या खाचा नीट केल्या, की तीच गिटार ओळखू येत नाही. त्यामुळे दुकानातल्या ॲक्शनवर निर्णय घेऊ नका. फक्त एकदा हेडस्टॉककडून नेकच्या कडेवर, बंदुकीची नेम धरल्यासारखी नजर टाका. थोडा एकसारखा बाक चालतो, पीळ चालत नाही. पिळलेला नेक म्हणजे खचलेला पाया.

ट्रस रॉडची एक बारीक गोष्ट, जिच्यामुळे मी स्वतः एक सुंदर गिटार सोडली. जुन्या धर्तीच्या काही फेंडरवर ट्रस रॉडचं तोंड नेकच्या बुडाशी असतं. ते फिरवायचं तर तारा सैल करायच्या, चार स्क्रू काढायचे, नेक सुटा करायचा, अंदाजाने फिरवायचं आणि सगळं परत जोडून बघायचं. कोरड्या, एकसारख्या हवेच्या गावी हे वर्षानुवर्षं करावं लागत नाही. मुंबईत जूनमध्ये एकदा आणि दिवाळीनंतर एकदा नेक हलतोच. हेडस्टॉकच्या टोकाशी उघडणारा ट्रस रॉड इथे घरच्या घरी दोन मिनिटांत जुळवता येतो.

आता फ्लॉइड रोज. हे एका माणसाचं नाव आहे आणि त्याने शोधलेल्या ब्रिजचंही. १९७० च्या दशकाच्या शेवटी त्याने ही यंत्रणा बनवली. १९८६ साली धोबीतलावच्या रंगभवनात इंडिपेंडन्स रॉक हा रॉक संगीताचा महोत्सव सुरू झाला, तेव्हा जगभर हिचीच चलती होती. ब्रिजला लावलेला दांडा खाली दाबला की सगळ्या तारा सैल होऊन स्वर पार खोल जातो, सोडला की अचूक जागी परत येतो. साध्या ब्रिजवर एवढं केलं तर तारा नटमधून सरकून बेसूर होतात. फ्लॉइड रोजने तारा दोन्ही टोकांना चिमट्यात पकडल्या, नटपाशीही आणि ब्रिजपाशीही. कल्पना विलक्षण आहे, आणि ज्यांना ती शैली वाजवायची आहे त्यांना पर्याय नाही.

मग तरीही इतके जण तिला का घाबरतात? हा ब्रिज कशाला घट्ट बसवलेला नसतो. तो दोन खांबांवर धारेने टेकलेला असतो आणि तराजूसारखा तोलून धरलेला असतो. पुढून तारा ओढतात, मागून तीन ते पाच स्प्रिंगा. आता एक तार घट्ट केली तर तराजू पुढे कलतो आणि बाकीच्या पाच उतरतात. त्या चढवाव्यात तर पहिली उतरते. असं चार-पाच फेऱ्यांनी सगळं जुळून येतं. कार्यक्रमात एक तार तुटली तर स्प्रिंगा जिंकतात, ब्रिज मागे झुकतो आणि उरलेल्या पाचही तारा चढतात. दुसरी गिटार जवळ नसेल तर गाणं तिथेच थांबतं. तारा बदलायला ॲलन की हवी, तारेच्या टोकाची गोळी पक्कडने तोडायला हवी, आणि पहिल्यांदा करणाऱ्याचा सबंध रविवार जातो. एका गाण्यापुरती जाड तार एक स्वर खाली लावू, असंही म्हणता येत नाही.

स्वस्त गिटारवरच्या नकली फ्लॉइडबद्दल मी जास्त कडक आहे. या यंत्रणेचा सगळा भरवसा त्या दोन धारांवर असतो. मऊ धातूची धार वर्षभरात बोथट होते, ब्रिज रोज वेगळ्या जागी टेकतो, आणि मग कुठल्याच सेटअपने सूर टिकत नाही. पहिल्या गिटारवर हे नकोच. आधीच घेऊन बसला असाल तर मागच्या पोकळीत लाकडाचा नीट मापाचा ठोकळा बसवून ब्रिज स्थिर करता येतो. दांड्याची करामत कमी होते, पण गिटार वाजवण्याजोगी होते. माझ्या ओळखीतल्या दोन मुलांच्या गिटारी एवढ्या एका ठोकळ्याने कपाटावरून खाली आल्या.

घरघरीची भीतीही फार असते. ॲम्प सुरू केला, हात तारेवर ठेवायच्या आधीच एक जाड गुणगुण येते आणि घ्यायला आलेला मागे सरतो. तिचं मूळ समजून घेण्यासारखं आहे. पिकअप म्हणजे चुंबकाभोवती गुंडाळलेली हजारो फेऱ्यांची बारीक तांब्याची तार. पोलादी तार थरथरली की चुंबकीय क्षेत्र हलतं आणि तांब्यात वीज निर्माण होते, तोच आपला आवाज. पण घरातल्या वायरी, ट्यूबलाइट, पंख्याचा रेग्युलेटर, यांच्याभोवतीही बदलतं चुंबकीय क्षेत्र असतंच. पिकअपला दोन्ही सारखेच. आपल्याकडची वीज सेकंदाला ५० वेळा हेलकावते, म्हणून घरघरीला चक्क एक सूर असतो. पेटीवर बघाल तर पांढरी पाचच्या जवळ, खर्जात, किंचित चढा.

गिब्सनमधल्या सेथ लव्हरने १९५० च्या दशकाच्या मध्यात यावर उपाय काढला. दोन पिकअप शेजारी ठेवायचे, एकाची गुंडाळी उलटी आणि चुंबकही उलटा. बाहेरची घरघर दोघांत विरुद्ध दिशेने येते आणि एकमेकींना खाऊन टाकते. तारेचा आवाज मात्र दोनदा उलटतो, म्हणजे सुलटच राहतो, आणि दुप्पट होतो. याला हमबकर म्हणतात. त्याचा आवाज भरीव असतो. एकेरी गुंडाळीच्या पिकअपचा आवाज टोकदार, मोकळा. स्ट्रॅटची, म्हणजे स्ट्रॅटोकास्टरची, ती काचेसारखी किणकिण हवी असेल तर थोडी घरघर सोबत येणारच. म्हणून घरघरीवरून गिटार नाकारायच्या आधी दोन गोष्टी करून बघा. तारांना हात लावल्यावर आवाज बराच कमी झाला तर आपलं शरीर अँटेनासारखं काम करत होतं, आणि गिटारच्या पोटात तांब्याचा पत्रा लावून ते बरंचसं आटोक्यात येतं. जागच्या जागी गोल फिरताना एका दिशेला घरघर मंदावली तर ती गुंडाळीची आहे. त्या दिशेला तोंड करून वाजवावं, किंवा पुढेमागे घरघर न करणारे पिकअप बसवावेत. ही लादी आहे, कॉलम नाही.

इथे एक गोष्ट कळकळीने सांगतो. गिरगाव-परळच्या जुन्या चाळींत कित्येक खोल्यांना आजही धड अर्थिंग नसतं. गिटारच्या तारा ॲम्पमधून अर्थला जोडलेल्या असतात. तार धरली आणि दुसऱ्या हाताला मायक्रोफोनचा किंवा फ्रिजचा झिणझिण्या येणारा चटका बसला, तर वाजवणं तिथेच थांबवा आणि इलेक्ट्रिशियनला बोलवा. घरघर कमी होते म्हणून प्लगची तिसरी पिन काढून टाकायचा सल्ला कुणी दिला तर तो अजिबात ऐकू नका. त्याने जीव जाऊ शकतो.

वजनाचं मुंबईकराला वेगळं सांगायला नको. लेस पॉल चार-साडेचार किलोंची असते, स्ट्रॅट साधारण साडेतीनची. दुकानात मांडीवर दोन्ही सारख्याच वाटतात. गर्दीच्या फास्ट लोकलमध्ये पाठीवर बॅग घेऊन, डोंबिवलीपर्यंत उभ्याने गेल्यावर तो किलोभर कळतो. वजनापेक्षा तोल महत्त्वाचा आहे. एसजी ही गिटार हलकी, पण तिचं धड पातळ आणि पट्ट्याचा खुंट मागे, म्हणून हात सोडला की नेक जमिनीकडे झुकतो. मग वाजवणारा डाव्या हाताने सतत नेक उचलून धरतो, जे काम त्या हाताचं नाही. हे तपासायला दुकानात पट्टा मागून घ्या, उभे राहा आणि दोन्ही हात सोडा. खरबरीत चामड्याच्या पट्ट्याने थोडा फरक पडतो, पूर्ण नाही.

लोकलमुळेच आणखी एक. गिब्सन धाटणीच्या गिटारींचा हेडस्टॉक मागे कलता असतो, मूळ मापाने १७ अंश. कलत्या भागात लाकडाच्या रेषा आडव्या तुटतात, आणि नेमकी तिथेच ट्रस रॉडच्या तोंडासाठी खाच कोरलेली असते. पाठीवर पडली की मोडते ती तिथेच. फेंडरचा हेडस्टॉक सरळ रेषेत असल्याने हा धोका फार कमी. कलता हेडस्टॉक वाईट नव्हे, तारेला नटवर त्याने छान दाब मिळतो. पण रोज प्रवास करणाऱ्याने तिच्याबरोबर कडक केसचा खर्च धरावा.

आणि पाऊस. या एका गोष्टीबद्दल परदेशी लोकांचे सल्ले आपल्या कामाचे नसतात, कारण त्यांची काळजी हिवाळ्यात लाकूड सुकण्याची असते. आपली चार महिने लाकूड पाणी पिण्याची. लाकूड रेषेच्या दिशेने जवळजवळ वाढत नाही, आडवं फुगतं. म्हणून स्केल तशीच राहते, पण फळी रुंदीत थोडी फुगते आणि नेकचा बाक बदलतो. डिसेंबरात, किंवा कायम एसी चालणाऱ्या खोलीत, तीच फळी आकसते आणि फ्रेटची टोकं कडेला बाहेर येतात. बोट फिरवलं की करवतीसारखी लागतात. ही टोकं कानशीने घासून देणारा माणूस तासाभरात काम करतो, तेव्हा त्यावरून घाबरून जाऊ नका.

नेकच्या पॉलिशला मात्र पावसाळ्यात महत्त्व येतं. जाड चकचकीत पॉलिश घामाने अंगठ्याला चिकटतं, हात सरकत नाही. भाच्याची चौथी गिटार यावरच बाद झाली. बारीक स्टील वूलने घासून चमक घालवली की ते बरंच सुधारतं, नव्या गिटारवर हे करायला धीर लागतो इतकंच. जुन्या पद्धतीचं नायट्रोसेल्युलोज लॅकर सुंदर म्हातारं होतं, त्याचे चाहते त्यासाठी जास्त पैसे मोजतात. दमट हवेत काहींच्या घामाने ते मऊ पडतं. धातूचं सांगायचं तर समुद्राजवळच्या घरात ब्रिजचे छोटे स्क्रू दोन पावसाळ्यांत गंजून जाम होतात, आणि सोनेरी मुलामा सगळ्यात आधी उडतो. मी इथल्या मुलांना सोनेरी भागांची गिटार सुचवत नाही. स्टेनलेस स्टीलचे फ्रेट मिळाले तर आनंदाने घ्या.

लोक नव्या सोयींनाही नाकारतात, त्याचं मोठं उदाहरण २०१५ चं. गिब्सनने त्या वर्षीच्या आपल्या बहुतेक गिटारींवर आपोआप सूर लावणारी मोटरची यंत्रणा बसवली, नट रुंद केला, किमती वाढवल्या. कागदावर सगळं सोयीचं. वाजवणाऱ्यांनी पाठ फिरवली आणि २०१६ मध्ये जुन्या धाटणीच्या गिटारी वेगळ्या द्याव्या लागल्या. मला यात हट्टीपणा दिसत नाही. सूर लावणं हा वाद्याशी ओळख करून घेण्याचा भाग आहे, आणि बॅटरी संपल्यावर अडणारी गोष्ट हेडस्टॉकवर नको असं वाटणं स्वाभाविक आहे. ॲक्टिव्ह पिकअपबद्दलही असाच किंतु असतो. त्यांना नऊ व्होल्टची बॅटरी लागते आणि केबल रात्रभर लावून ठेवली तर ती उतरते. पण त्यांचा आवाज शांत, घरघर अगदी कमी. केबल काढायची सवय लागली की तक्रार राहत नाही.

लाकडावरून खट्टू होणाऱ्यांना एक आनंदाची गोष्ट सांगतो. फ्रेटबोर्डसाठी जगभर नावाजलेलं इंडियन रोझवूड म्हणजे आपलं शिसवी, ज्याचे पाट आणि देव्हारे आपल्या आजोळी असायचे. जानेवारी २०१७ पासून त्याच्या जागतिक व्यापारावर परवान्याची अट आली आणि कंपन्या दुसऱ्या लाकडांकडे वळल्या. २०१९ च्या अखेरीस तयार वाद्यांना त्यातून सूट मिळाली, पण पर्यायी लाकडं राहिली. आता स्वस्त गिटारवर "इंडियन लॉरेल" लिहिलेलं दिसलं की लोक नाक मुरडतात. ती जात म्हणजे आपला ऐन, सह्याद्रीत शिरलं की मगरीच्या पाठीसारख्या सालीचा दिसतो तो. घट्ट, टिकाऊ लाकूड आहे. त्यावरून गिटार नाकारण्याचं काहीच कारण नाही.

रूपाचंही मोजावं. विचित्र हेडस्टॉक बघून अनेक जण स्वस्त गिटार सोडतात. फेंडरने आपल्या हेडस्टॉकचा आकार राखून ठेवला आहे, धडाच्या आकारावरचा दावा २००९ साली अमेरिकेत फेटाळला गेला, म्हणून बाजारात धड ओळखीचं आणि डोकं अनोळखी अशा गिटारी दिसतात. वाद्य चांगलं असू शकतं. तरीही जी बघून हात पुढे होत नाही ती घेऊ नये, असं माझं प्रामाणिक मत आहे, कारण रोज उचलली जाणं हेच पहिल्या वर्षात हवं असतं. डावखुऱ्यांची अडचण वेगळीच. त्यांच्यापर्यंत निवड पोहोचतच नाही, भिंतीवरच्या पन्नासात त्यांची एखादीच असते. त्यांनी आधी फोन करून विचारावं आणि उजव्या हाताची घेऊन जमव, असं सांगणाऱ्याकडे लक्ष देऊ नये.

दिवाळीनंतर भाच्याने गिटार घेतली. कुर्ल्याला एकाच्या घरी, वापरलेली, एकेरी पिकअपची, स्थिर ब्रिजची. तारा गंजलेल्या, ॲक्शन उंच, व्हॉल्यूमचा नॉब फिरवला की खरखर. विकणारा ओशाळून किंमत आणखी उतरवत होता. भाच्याने काहीच बोलायच्या आधी नेक धरला, पंधराव्या फ्रेटवर तार ओढली, स्वर शेवटपर्यंत टिकला. उभा राहिला, हात सोडले, नेक जागेवर राहिला. मग माझ्याकडे बघितलं. नव्या तारा, सेटअप आणि नॉबसाठी कॉन्टॅक्ट क्लीनरचा एक फवारा, एवढ्यावर ती उभी राहिली.

परवा रात्री साडेअकराला त्याचा व्हॉइस मेसेज आला. आधी नुसती घरघर, मग त्याच्या आजीची जुनी पेटी, एकच पट्टी धरून ठेवलेली. आणि मग त्याचा आवाज: "मामा, खरंच जरा चढी आहे पांढरी पाचपेक्षा."